बांधाचा खर्च कोणाचा?

मृग नक्षत्राचे पहिले दिवस पुष्कळदा कोरडेच जातात. आभाळ भरून येते आणि न बरसताच विरून जाते. मग एखाद्या दुपारी काळेभोर ढग दाटतात, वारा पडतो, आणि देवगाव रंगारीच्या शिवारावर तासाभरात असा पाऊस कोसळतो की, समोरची बाभळही दिसेनाशी होते. मुले अंगणात नाचू लागतात. जाणता शेतकरी मात्र डोक्यावर पोते घेऊन शेताकडे धावतो. त्याची नजर आभाळाकडे नसते. ती असते नाल्याकडे. नाल्याचे पाणी निवळ आहे की गढूळ, एवढेच त्याला पाहावयाचे असते. पाणी चहासारखे तांबूस-काळे वाहू लागले की, तो ओळखतो की पाण्याबरोबर आपले शेतही निघून चालले आहे.

देवगाव रंगारी हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील, कन्नड तालुक्याचे गाव. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आणि तिच्या दक्षिणेला हा चढउताराचा मुलूख. कापूस, मका, बाजरी, कांदा ही येथील नेहमीची पिके. तालुक्यात आल्याची लागवडही पुष्कळ होते. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा तसा लहान नाही. परंतु तो पाऊस चार महिन्यांत सारखा वाटून पडत नाही. थोड्या दिवसांत, थोड्या तासांत तो धो धो पडतो आणि मधले आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. पडेल ते पाणी जागीच धरून ठेवता आले, तर पीक तगते. नाही तर तेच पाणी माती घेऊन पळ काढते.

ती माती किती जाते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. एवढ्या शेतावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर दहा घनमीटर माती गेली. तिचे वजन सुमारे तेरा टन भरते. एका बैलगाडीत अर्धा टन माती धरली, तर ह्या सव्वीस गाड्या झाल्या! सव्वीस गाड्या माती कोणी चोरून नेली असती, तर गावात केवढा गोंधळ उडाला असता! परंतु पाऊस ती एका रात्रीत नेतो, आणि सकाळी शेत होते तसेच दिसते. एक मिलिमीटरने खचलेली जमीन डोळ्यांना कळत नाही. काळ्या पाषाणापासून असा बोटभर थर तयार व्हावयास मात्र निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

या चोरीवरचा उपाय आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. उताराला आडवी नांगरट करावी, आडवी पेरणी करावी आणि ठरावीक अंतरावर मातीचे बांध घालावेत. उतारावरच्या समान उंचीच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घातलेल्या बांधास समतल बांध म्हणतात. पाणी बांधाशी अडते, तेथे थबकते, गाळ खाली बसतो आणि पाणी जमिनीत मुरू लागते. जादा पाण्यासाठी एका अंगाला दगडांचा सांडवा ठेवावा लागतो. तो न ठेवल्यास साचलेले पाणी बांधच फोडून टाकते आणि आधीच्यापेक्षा अधिक नुकसान करते. उपाय असा सोपा आहे. अडचण आहे ती खर्चाची.

समजा, एक शेत चढावर आहे आणि दुसरे त्याच्या खाली. वरच्या शेतकऱ्याने बांध घातला, तर बांधाखाली जाणारी जमीन त्याची, मजुरी त्याची, दगडमाती त्याची. मुरलेले पाणी मात्र जमिनीखालून सरकत सरकत खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरते. अशा वेळी बांधावर उभे राहून काय संवाद होतो, हे खेड्यात वाढलेल्या मुलांना सांगावयास नकोच.

"बांध तुमच्या रानात, तेव्हा खर्चही तुमचाच की, दादा!" खालचा म्हणतो.

"आणि पाणी तुमच्या विहिरीला, ते कसं काय, आबा?" वरचा विचारतो.

दोघांचेही म्हणणे खरे असते. म्हणून कोणीच बांध घालीत नाही, आणि दोघांचीही माती नाल्याने वाहून जाते. एवढ्यावरही हे थांबत नाही. ती माती पुढे ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाऊन बसते. धरणाची साठवण घटते आणि दूरच्या शहरातील नळाला पाणी कमी येते. त्या शहरातील माणसाने वरच्या शेतकऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. तरीही त्याच्या बांधाशी याचा संबंध असतो. ज्या कामाचा खर्च एकाला आणि लाभ अनेकांना, त्या कामाला सर्वांच्या पैशातून हातभार लावावा, हा विचार येथून निघतो. शासनाने अशा कामासाठी दिलेल्या आणि परत न घ्यावयाच्या रकमेस अनुदान म्हणतात. शेतकरी तिला सरळ 'सबसिडी' म्हणतो.

कर्ज आणि अनुदान यांतील भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. दुष्काळात किंवा विहीर खोदण्यासाठी रयतेला सरकारातून आगाऊ रक्कम देण्याची पद्धत जुनी आहे. तिला तगाई म्हणत. इंग्रजी अमलात 1883 आणि 1884 साली तगाईविषयी दोन कायदे झाले. परंतु तगाई ही हप्त्याहप्त्याने फेडावी लागे. बांधाचा लाभ गावाला आणि हप्ता मात्र एकट्याच्या डोक्यावर, अशी तिची गत होती. त्याच 1883 साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ लिहिला. सरकारने आपल्या पदरच्या पलटणी आणि पोलीस यांना कामाला लावून ठिकठिकाणी ताली आणि बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचे पाणी शिवारात मुरेल आणि जमिनीचे सत्त्व वाहून जाणार नाही, अशी सूचना त्यांनी तीत केली आहे. बांध हे सरकारचे काम आहे असे म्हणणारा हा माणूस आपल्या काळाच्या फार पुढे होता. त्याचे म्हणणे त्या वेळी कोणी मनावर घेतले नाही.

ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या गळी उतरण्यास जगात एक मोठे संकट यावे लागले. अमेरिकेच्या मध्यभागी विस्तीर्ण गवताळ मैदाने होती. गव्हाच्या लोभाने तेथील गवत नांगरून काढण्यात आले. पुढे 1930 नंतर अवर्षणाची वर्षे आली, आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर आभाळात उडू लागली. 14 एप्रिल 1935 या रविवारी धुळीचे असे प्रचंड वादळ आले की, भरदुपारी काळोख पडला. त्या दिवसाला तेथील लोक 'काळा रविवार' म्हणतात. ह्यू बेनेट नावाचे मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षे ओरडून सांगत होते की, माती ही राष्ट्राची संपत्ती आहे. आता त्यांचे शब्द सर्वांना ऐकू आले. त्याच महिन्याच्या 27 तारखेस मृदसंधारणाचा कायदा झाला आणि पुढील वर्षी, जमीन झिजविणाऱ्या पिकांऐवजी गवत आणि द्विदल पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांस सरकार पैसे देऊ लागले. 1985 सालापासून तर तेथे आणखी एक नवल सुरू झाले. झिजलेली जमीन दहा ते पंधरा वर्षे न नांगरता गवताखाली ठेवण्याचा करार जो शेतकरी करील, त्याला सरकार दरवर्षी त्या जमिनीचे भाडे देते. पीक न घेण्याबद्दल पैसे! आपल्याकडील दोन-तीन एकरांच्या धन्याला हे ऐकून हसू येईल. कारण त्याने जमीन पडीक ठेवली, तर घरात खावयाचे काय? म्हणून आपल्या देशातील अनुदान जमीन मोकळी ठेवण्यासाठी नव्हे, तर ती कसता कसता राखण्यासाठी असते.

मुंबई प्रांतात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. एकट्या शेताचा विचार न करता सगळ्या उताराची एकत्र योजना आखावी, बांध घालून घ्यावेत आणि खर्चाचा काही भाग जमीनधारकांकडून वसूल करावा, अशी त्याची रचना होती. देवगावला मात्र त्याचा लाभ नव्हता. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी तो मुक्त झाला, 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

त्यानंतर बारा वर्षांनी 1972 चा दुष्काळ पडला. त्याच्या आठवणी वृद्ध माणसे अद्याप सांगतात. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, हजारो माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. कामावर मुलांना सुकडी वाटीत. त्या वेळी विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी पुढे मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. मागेल त्याला काम द्यावयाचे, परंतु ते काम केवळ खडी फोडण्याचे न राहता बांध, नाला अडविणे, पाझर तलाव असे पुढील पावसाळ्यास उपयोगी पडणारे असावे, हा तिचा विशेष. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पैसा कोठून आला, हे तर अधिकच जाणण्यासारखे आहे. 1975 पासून शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि त्यांतून मराठवाड्याच्या माळावर बांध उभा राही. त्या कारकुनाला तो बांध कधी दिसला नसेल. पुढे 1990 साली याच योजनेला फळबागांची जोड मिळाली आणि हलक्या जमिनीत आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ लावण्यासाठी अनुदान मिळू लागले.

यानंतरच्या योजनांत शेततळ्याएवढे नाव दुसऱ्या कशाचे झाले नाही. 2016 साली महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. शेतात सखल जागी चौकोनी खड्डा खणावयाचा, वरून वाहत येणारे पावसाचे पाणी त्यात घ्यावयाचे आणि पिकाने मान टाकली की ते द्यावयाचे, ही शेततळ्याची साधी कल्पना. सर्वांत मोठे तळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. त्यासाठी जास्तीत जास्त 50,000 रुपये अनुदान होते. पुढे वैयक्तिक शेततळ्याची ही मर्यादा 75,000 रुपये करण्यात आली.

तळ्याच्या बाजू उभ्या ठेवता येत नाहीत, त्या ढासळतील. म्हणून त्यांना उतार देतात. खोलीइतकाच उतार दिला, तर तळाशी 24 मीटर लांबी-रुंदी राहते आणि तळ्यात सुमारे 2,200 घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर पाणी मावते. एका एकराला पाच सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे तर सुमारे दोन लाख लिटर लागते. म्हणजे भरलेले तळे दहा एकरांना एकदा, किंवा पाच एकरांना दोनदा पाणी देऊ शकते. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, तर कापसाला हे एकच पाणी जीवदान ठरते. गणितात थोडी सूट धरावी लागते, कारण काही पाणी मुरते आणि काही उडून जाते.

अनुदान मिळविण्याची वाट मात्र सरळ नाही. शेतकऱ्याजवळ सातबारा आणि आठ-अ हे उतारे हवेत. जमीन त्याच्या नावावर हवी. अर्ज आता संगणकावरून करावा लागतो. निवड झाली की कृषी खात्याचा कर्मचारी जागा पाहून आखणी करतो. यंत्राने खोदाई होते. काम झाल्यावर त्याचे मोजमाप घेतात, छायाचित्रे काढतात आणि मग रक्कम शेतकऱ्याच्या बँकेतील खात्यात जमा होते. मग! म्हणजे यंत्रवाल्याला आधी पैसे द्यावयाचे ते शेतकऱ्यानेच. ज्याच्या गाठीला थोडे पैसे आहेत, तो हे करू शकतो. ज्याच्याजवळ नाहीत, तो सावकाराकडे जातो किंवा अर्जच करीत नाही. दुसऱ्याची जमीन बटाईने करणाऱ्याचे तर सातबाऱ्यावर नावही नसते. गरजवंतासाठी काढलेल्या योजनेची पहिली पायरीच अशी उंच असावी, हे न्यायाचे नव्हे. काम पूर्ण झाल्याची खात्री केल्यावाचून सार्वजनिक पैसा देऊ नये, हेही तितकेच खरे. आणि हा पेच अद्याप पुरता सुटलेला नाही.

याहून गंभीर पेच तळ्याच्या पाण्यातच आहे. पावसाचे पाणी साठविण्यासाठी खणलेल्या तळ्यांपैकी पुष्कळ तळी मराठवाड्यात, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत निराळ्याच रीतीने भरली जाऊ लागली. तळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर घालावयाचे, काठ उंच करावयाचे आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पंपाने उपसून त्यात भरावयाचे! तळ्यात पाणी येण्याची वाट ठेवलीच पाहिजे, असेही योजनेत बंधन नव्हते. वाट असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकार तीत बसत. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले, तर यात शहाणपण दिसते. वीज रात्री-अपरात्री येते. तेव्हा पाणी वर काढून ठेवावे आणि दिवसा ठिबक नळ्यांनी द्यावे. डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग लावलेल्या माणसाला एका उन्हाळ्यात सारे गमवावयाचे नसते. त्याला लबाड म्हणणे बरोबर नाही.

परंतु जमिनीखालचे पाणी कोणा एकाचे असते काय? मराठवाड्याच्या मातीखाली मुरूम आहे आणि त्याखाली काळा कठीण खडक. पाणी राहते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खालच्या अंगाला असलेल्या दहा विहिरींचा झरा पुष्कळदा एकच असतो. डिसेंबरात एकाने लाखो लिटर पाणी उपसून वर मांडले की, उरलेल्या नऊ विहिरींचे पाणी तेवढे खाली जाते. शिवाय भूमीच्या पोटात पाणी सावलीत असते. तळ्यात ते उन्हात येते. मे महिन्यात येथे उघड्या पाण्याचा दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर थर वाफ होऊन उडतो. काठोकाठ भरलेल्या तीस मीटरांच्या तळ्यावरून हे रोजचे नऊ हजार लिटर झाले. माणशी पन्नास लिटर धरले, तर एकशे ऐंशी माणसांचे दिवसाचे पाणी एका तळ्यावरून उडून जाते, आणि त्याच वेळी गावात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागलेली असते. टँकरचा खर्चही शासनाचा आणि तळ्याचे अनुदानही शासनाचे. एका हाताने पाणी मुरवावयाचे आणि दुसऱ्या हाताने उपसावयाचे, असा हा प्रकार झाला.

यावर कायदा नाही असे नव्हे. भूजलाचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा 2009 सालचा असून 2014 पासून तो अमलात आला. परंतु जमिनीखाली पोलीस कोठे उभा करणार? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने निराळी वाट काढली. हे गावही अवर्षणाच्याच पट्ट्यातील. 1990 नंतरच्या दशकात पोपटराव पवार सरपंच असताना आदर्श गाव योजनेच्या पैशातून गावाने डोंगरावर समतल चर खणले, नाले अडविले, झाडे लावली. हे पुष्कळ गावांनी केले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन शेतीच्या सिंचनासाठी बोअर घ्यावयाचे नाही आणि ऊस लावावयाचा नाही, असे ग्रामसभेत ठरविले. दरवर्षी पाऊस मोजतात, त्यावरून गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडतात, आणि पाऊस कमी असेल तर त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची नाहीत, हे सर्वांसमोर ठरते. अनुदान शासनाचे होते. हा नियम मात्र गावाचा होता, आणि तो शासनाला विकत आणून देता आला नसता.

मराठवाड्यातही जालना जिल्ह्यातील कडवंची या गावाने पाणलोटाचे काम आधी केले आणि मग शेततळी खणली. वरचा डोंगर, मधली शेते आणि खालचा नाला अशा क्रमाने पाणी अडविल्यामुळे तेथे द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. कामाचा हा क्रम महत्त्वाचा आहे. वरची माती अडविली नाही, तर खालचे तळे दोन-चार पावसाळ्यांतच गाळाने भरते.

तो गाळही वाया जात नाही. 2017 साली महाराष्ट्राने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. उन्हाळ्यात तलाव आटले की यंत्राने त्यांतील गाळ उपसावयाचा आणि शेतकऱ्यांनी तो वाहून आपल्या शेतात पसरावयाचा. 2023 पासून लहान शेतकऱ्यांस या वाहतुकीसाठीही एकरी 15,000 रुपयांपर्यंत अनुदान देण्याचे ठरले. पाऊस ज्या मातीला फुकट खाली घेऊन गेला, तिलाच आता डिझेल जाळून वर आणावे लागते. मे महिन्याच्या उन्हात तलावाच्या तळाशी ट्रॅक्टरांची रांग लागते. शेतकरी ट्रॉलीतून एक ढेकूळ उचलतो, बोटांनी चुरतो, वास घेतो आणि चालकाला सांगतो, "वरच्या तुकड्यात टाक रे बाबा, तिथली गेलीय सगळी." जूनच्या आत पसरवणी उरकावयाची असते, आणि त्याच तुकड्याचा फुटलेला बांधही तोवर भरून घ्यावयाचा असतो.